कादंबरी वाचावी, आणि मतही द्यावें

कादंबरी वाचणें हें अजून आमच्या कित्येक घरांत चोरून करावयाचें काम समजलें जातें. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटल्यास त्यानें जेऊरसारख्या बाजाराच्या गांवीं चार घरें फिरून पाहावीं. दुकानाच्या गादीवर वर्तमानपत्र उघडें पडलेलें असतें. देव्हाऱ्यापाशीं पोथी असते. स्पर्धापरीक्षेचीं जाडजूड पुस्तकें तर मुलें अभिमानानें टेबलावर रचून ठेवितात. कादंबरी तेवढी उशीखालीं सांपडते. मोबाइलवर तासन्‌तास चालणाऱ्या चित्रफितींबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाहीं. परंतु दुपारच्या वेळीं सुनेच्या हातीं कादंबरी दिसली कीं घरांतील वडीलधाऱ्यांचा शेरा ठरलेला. गेल्या कांहीं महिन्यांत केवळ आनंदासाठीं म्हणून ज्या कादंबऱ्या आम्हीं वाचल्या, त्यांविषयीं आपलें मत वाचकांपुढें ठेवावें, आणि त्या निमित्तानें या समजुतीचाही परामर्श घ्यावा, असा आजच्या लेखाचा हेतु आहे.

आक्षेप नवा नाहीं. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहिला, व त्या वेळच्या कादंबऱ्यांतील असंभाव्य गोष्टींवर टीका केली. ती टीका योग्यच होती. कारण राजपुत्र, राजकन्या आणि योगायोग यांवांचून त्या काळच्या बहुतेक कथानकांचें पान हालत नसे. परंतु दुसरी वाटही तोंपर्यंत पडलेली होती. बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालींच ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख कथारूपानें मांडिलें होतें. पुढें १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं पुण्यास साप्ताहिक काढिलें, त्याचें नांवच मुळीं ‘करमणूक’! त्याच पत्राच्या अंकांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. केशवपनाविरुद्ध व्याख्यानें पुष्कळ झालीं होतीं, शास्त्रार्थही झाले होते. परंतु सभेस न जाणाऱ्या गृहस्थाच्या घरांत, आणि सभेस जाऊंच न शकणाऱ्या त्याच्या पत्नीच्या हातांत, तो प्रश्न यमूच्या हकीकतीबरोबर करमणुकीच्या वाटेनें पोंचला. अमेरिकेंतही हेंच घडलें. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ सालीं पुस्तकरूपानें निघाली. पहिल्याच वर्षीं तिच्या सुमारें तीन लाख प्रती त्या देशांत खपल्या, आणि गुलामगिरीचा वाद सभागृहांतून घराघरांत शिरला. उपदेश ऐकावयास बसलेला मनुष्य बहुधा मनाचें दार लावून बसतो. गोष्ट ऐकावयास बसलेल्याचें दार उघडें असतें. कादंबरीची सारी शक्ति या एका गोष्टींत आहे.

आतां आम्हीं वाचलेल्या कादंबऱ्यांकडे वळूं. पहिली विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’. ही १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९९२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. धरणासाठीं उठविलेल्या माणसांची ही कहाणी आहे. लेखक स्वतः महसूल खात्यांत अधिकारी होते. त्यामुळें सातबारा, नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन हे शब्द त्यांच्या लेखणींत कोरडे राहात नाहींत. एका कागदावर सही होण्यास किती खेटे पडतात, आणि त्या खेट्यांत माणसाचा ताठ कणा कसा वांकतो, हें त्यांनीं खैरमोडे गुरुजींच्या रूपानें असें दाखविलें आहे कीं वाचकास पुस्तक मध्येंच खालीं ठेवून उठावेंसें वाटतें, आणि ठेववतही नाहीं. दोषच सांगावयाचा तर प्रसंगांची दाटी फार आहे. एक आपत्ति संपते न संपते तों दुसरी उभी, त्यामुळें कांहीं प्रकरणांत वाचकाचें मन बधिर होतें. लेखकानें मधून मधून श्वास घेऊं दिला असता तर परिणाम अधिकच झाला असता, असें आमचें नम्र मत आहे.

ही कादंबरी जेऊरांत वाचण्यास विशेष अर्थ आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याचें पाणी करमाळा तालुक्याच्या कांठाशीं आहे. पलीकडे इंदापूर तालुका. या जलाशयाखालीं किती घरें, किती विहिरी, किती मळे गेले, तें आमच्या जुन्या माणसांस ठाऊक आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे जुन्या पळसदेवाचें देऊळ वर येतें, आणि लोक तें पाहावयास जातात. हिंवाळ्यांत भिगवणकडे रोहित पक्षी पाहण्यास शहरचीं माणसें येतात. नव्या पिढीस उजनी म्हणजे एवढेंच: पक्षी, मासे, आणि छायाचित्रें. याच पाण्यावर तालुक्यांत ऊस उभा राहिला, केळीचे बाग झाले, आणि आडतीच्या दुकानांतील उलाढाल वाढली, हेंही खरें. ज्याच्या शेतास पाणी मिळालें तो म्हणेल, धरण झालें नसतें तर आम्ही अजून जिराईतच करीत बसलों असतों. ज्याचें शेत पाण्याखालीं गेलें तो म्हणेल, तुमचा ऊस आमच्या उंबऱ्यावर उभा आहे. दोघेही बाजाराच्या दिवशीं एकाच कट्ट्यावर बसून चहा घेतात, पण या विषयावर बोलत नाहींत. कारण बोललें तर भांडण होईल ही भीति. अशा दोघांच्या मध्यें ‘झाडाझडती’ ठेविली तर भांडण पुस्तकाविषयीं होईल, एकमेकांविषयीं होणार नाहीं. आणि पुस्तकाविषयींचें भांडण मिटतां मिटतां मनांतील गांठही थोडी सैल होईल. कादंबरीचा हा उपयोग आम्हांस कोणत्याही चौकशी-समितीच्या अहवालाहून लहान वाटत नाहीं.

हिच्याच पाठोपाठ कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. तिला २०२३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. विषय तोच, विस्थापितांचा. परंतु रीत अगदीं निराळी. येथें सरकारी कचेरीची गर्दी नाहीं. गांव उठून गेलें, म्हैस मागें राहिली, आणि तिला आणावयास देवाप्पा त्या ओसाड गांवीं परत जातो, एवढ्या धाग्यावर सारी कादंबरी उभी आहे. भाषा कोल्हापूरकडील बोलीची. पहिलीं कांहीं पानें आमच्या बाजूच्या वाचकास अडखळवितात. परंतु धीर धरून पुढें गेल्यास तीच बोली कानांत घुमूं लागते. माणूस जनावरास शोधीत आहे कीं आपल्या गेलेल्या गांवास, हें शेवटीं वाचकानेंच ठरवावें. दोहोंची तुलना केल्यास ‘झाडाझडती’ वाचून राग येतो, ‘रिंगाण’ वाचून मन गप्प होतें. आम्हांस दोन्ही हव्यात. तथापि ज्यास एकच वाचावयाची असेल त्यानें प्रथम ‘झाडाझडती’ घ्यावी.

तिसरी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही आम्हीं पुनः वाचली. १९५५ सालचें हें लहानसें पुस्तक; एका प्रवासांत संपतें. औंध संस्थानांतील एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा चालवितो, लोकांकडून तालीम बांधवून घेतो, आणि अखेर दुष्काळानें वाडी उठून जाते, एवढेंच कथानक. यांत उपदेशाचें एकही वाक्य नाहीं, म्हणूनच ती सुधारणेची उत्तम कादंबरी आहे असें आम्ही म्हणतों. मास्तर वाडीस शिकवावयास आला, परंतु शिकला तो मास्तरच. बैलाच्या अभावीं स्वतःस औतास जुंपून घेणारी बाई एकदां वाचली कीं विसरतां येत नाहीं. कमालखोरी जमीन, मेंढरें, पावसाची वाट, ही सारी सामग्री सोलापूर जिल्ह्याच्या वाचकास ओळखीची; तरी ती छापील पानावर भेटली म्हणजे ‘आपलेंही जिणें लिहिण्याच्या योग्यतेचें आहे’ असा एक नवाच विश्वास येतो. तक्रार एवढीच कीं, वाडीच्या बायकांच्या मनांत लेखक फार वेळ थांबत नाहींत.

चौथी विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’, १९५० सालची. हें टोपणनांव मालतीबाई बेडेकर यांचें, हें आतां सर्वश्रुत आहे. परंतु १९३३ सालीं याच नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालें तेव्हां लेखिका कोण यावरून महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें होतें! ‘बळी’चा विषय आमच्या जिल्ह्याशीं थेट निगडित आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, आणि त्यांस तारेच्या कुंपणांत कोंडण्यासाठीं ज्या वसाहती झाल्या त्यांतील एक मोठी वसाहत सोलापुरास होती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. वसाहतीची तार गेली, परंतु ‘सेटलमेंट’ हें नांव सोलापुरांत अजून राहिलें आहे. आणि दुःखाची गोष्ट ही कीं त्या जमातींविषयींचा संशयही राहिला आहे. कोठें चोरी झाली कीं पहिलें बोट पारध्याच्या पालाकडे वळतें. ‘बळी’ची मांडणी आज जुनी वाटते, संभाषणें कोठें कोठें लांबतात, परंतु तारेच्या आंतील माणूस आपल्यासारखाच आशा धरतो आणि आपल्यासारखाच हरतो, हें कळण्यास हिच्याहून सोपें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या व्यापाऱ्यानें पालावरच्या माणसास दुकानाच्या पायरीवर कधीं बसूं दिलें नाहीं, त्यानें ही कादंबरी एका रात्रींत वाचावी, आणि सकाळीं आपल्या मनास विचारावें.

कोणी म्हणेल, या तर साऱ्या दुःखाच्या गोष्टी. यांत आनंद तो कोठें? त्यास आमचें उत्तर असें. आनंद म्हणजे केवळ हसूं नव्हे. दुसऱ्याच्या आयुष्यांत चार दिवस राहून येण्याचा जो आनंद आहे, तो हसण्याहून खोल आणि अधिक काळ टिकणारा आहे. शिवाय ज्यास हेरकथा अगर प्रेमकथा आवडत असेल त्यानें ती खुशाल वाचावी. एकदां वाचनाची गोडी लागली कीं रुचि आपोआप चढत्या पायरीनें जाते. पहिल्याच पायरीवर दंडुका घेऊन उभें राहणें हें शहाणपण नव्हे.

मतें देण्याची संवय आम्हांस नाहीं असेंही नव्हे. जेऊरचेच नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ सालीं आला तेव्हां त्याविषयीं गप्प बसलेला मनुष्य मिळणें कठीण होतें. शेवट तसा हवा होता कीं नको, दोष मुलांचा कीं आईबापांचा, यावर न्हाव्याच्या दुकानापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत वाद चालले. त्या वादांतच जातीविषयीं कित्येक जण प्रथम मोकळेपणानें बोलले. मग हीच मोकळीक कादंबरीस कां नसावी? कारण उघड आहे: चित्रपट शेंकडों जणांनीं एका वेळीं पाहिलेला असतो, कादंबरी गांवांत एकानें वाचलेली असते, आणि तोही तें लपवितो.

म्हणून आमच्या सूचना अगदीं साध्या आहेत. पहिली: गांवोगांवच्या वाचनालयांनीं, व ज्यांस १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वयें अनुदान मिळतें त्यांनीं तर अवश्य, कपाटाच्या किल्ल्या कनवटीस लावून न ठेवितां एकाच चांगल्या कादंबरीच्या तीन-चार प्रती घ्याव्या, म्हणजे एका महिन्यांत दहापांच जणांची ती वाचून होईल. दुसरी: महिन्यांतून एके दिवशीं संध्याकाळीं त्या वाचकांनीं एकत्र बसावें. ‘फार छान’ हें मत नव्हे. काय पटलें, काय पटलें नाहीं, आणि कां, हें प्रत्येकानें सांगावें. त्या बैठकींत बायकांस केवळ सतरंजीवर जागा नव्हे तर बोलण्याची पाळी मिळाली पाहिजे; आणि सायंकाळीं स्वयंपाकाची वेळ असते ही सबब पुरुषांनीं एक दिवस स्वतः चुलीपाशीं उभें राहून दूर करावी. तिसरी: वाड्यावस्त्यांवर पुस्तकांची फिरती पेटी जावी. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० नंतर अशा पेट्या खेडोपाडीं धाडिल्या. तेव्हां जें बैलगाडीनें साधलें तें आज मोटारसायकलीनें साधूं नये कीं काय? आणि चौथी, आमच्या व्यापारी वाचकांसाठीं: दिवाळींत वहीपूजनाच्या दिवशीं नव्या खतावण्यांबरोबर गांवच्या वाचनालयासाठींही एक कादंबरी विकत घ्यावी. तिची किंमत चौघांनीं ढाब्यावर केलेल्या एका जेवणाहून बहुधा कमीच भरेल.

यांतील एकही सूचना अशी नाहीं कीं जिला सरकारी हुकमाची वाट पाहावी लागेल. उजनीनें उठविलेला आणि उजनीनें तारलेला, पालावरचा आणि पेढीवरचा, सासू आणि सून, हीं सारीं माणसें एकाच गांवांत पाठ फिरवून बसलेलीं आहेत. त्यांस समोरासमोर आणण्यास व्याख्यान पुरत नाहीं, हा आमचा अनुभव. एखादी चांगली गोष्ट मात्र पुरेल. तेव्हां वाचकहो, उशीखालची कादंबरी बाहेर काढा, वाचून पुरी करा, आणि शेजाऱ्याच्या हातीं देतांना एवढेंच सांगा: वाचून झाल्यावर तुमचें मत हवें.