लालबागच्या गर्दीतला निळा ठिपका

"मामा, लोकेशन टाक!" अनंत चतुर्दशीच्या दुपारी भाचा फोनवर ओरडत होता. मी खेतवाडीच्या दहाव्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो आणि नकाशावरचा निळा ठिपका मला अकराव्या गल्लीत दाखवत होता. दोन गल्ल्यांत अंतर ते किती! पण ढोल-ताशांच्या गर्दीत चुकामूक व्हायला तेवढं पुरतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा निरोप पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. गिरगावच्या चाळींमधून आकाशाची जेमतेम पट्टी दिसते. परळला गिरण्यांच्या जागी आलेल्या टॉवरांवर आपटून लहर वळसा घेऊन येते आणि फोन तो वळसाही अंतरात धरतो. मग आसपासचे वाय-फाय आणि मोबाइल टॉवर हाताशी धरून तो जागा सावरून घेतो.

फोन चोरीला गेला की लोक हमखास म्हणतात, "सॅटेलाइटवरून शोधा ना!" पण उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे ठाऊकच नसतं. आकाशवाणीसारखा तो बोलतो, फोन फक्त ऐकतो. ठावठिकाणा कळतो तो फोनने स्वतः इंटरनेटवरून कळवला तर, किंवा ज्या टॉवरशी तो जोडलेला आहे त्यावरून, आणि तोही ढोबळ.

लालबागच्या राजाच्या विसर्जनानंतर काळाचौकी पोलीस ठाण्यात मोबाइल गेल्याच्या तक्रारींसाठी रांगा लागतात. चोर आधी फोन बंद करतो. बहुतेक फोनांच्या बाबतीत मग नकाशावर उरते ती शेवटची जागा, भारतमाता सिनेमाजवळची नाहीतर चिंचपोकळीच्या पुलावरची. तिथे धावत जाऊन हाती काही लागत नाही. कामाला येतो तो फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक. सिम बदललं तरी तो बदलत नाही. पोलीस तक्रारीची प्रत जोडून २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक ब्लॉक करता येतो. पुढे कुणी त्या फोनमध्ये नवं सिम घातलं, तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोचू शकतो.

दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा आणि दिसेल तो क्रमांक कागदावर उतरवून घरी ठेवा. आमच्याकडे घरातल्या चारही फोनांचे क्रमांक कॅलेंडरच्या सप्टेंबरच्या पानामागे लिहिलेले आहेत.