पाऊस आला, पण पेरायचं कधी?

विरारचे टॉवर पाहून परतणाऱ्याला वसई तालुक्यात अजून भात पिकतो हे पटत नाही. महामार्ग ओलांडून पूर्वेला पारोळ, शिरवली, उसगाव, भाताणे, मेढे, सकवार या गावांकडे जूनमध्ये गेलं, तर बोलणं एकाच गोष्टीचं, पावसाचं, ऐकू येतं. पश्चिम पट्ट्यातल्या केळीला, भाजीला, फुलांना, पानवेलींना विहिरींचा आधार आहे. पूर्वेकडचा खरिपाचा भात मात्र बहुतेक ठिकाणी पावसाच्या भरवशावर. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत मे महिन्यात गहू पेरणाऱ्याला धास्ती असते गारठलेल्या जमिनीची आणि उशिरा पडणाऱ्या हिमाची. आपल्याकडे ऊब भरपूर, पाऊसही भरपूर. घोर लागतो तो दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांचा. राबात, म्हणजे रोपवाटिकेत, बी पडल्यापासून आवणी, म्हणजे लावणी, उरकेपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत जुन्या समजुती, टीव्हीवरचे इशारे आणि मोबाइलवरचे निरोप असे काही मिसळतात की खरं-खोटं वेगळं करणं अवघड होतं. त्यातल्याच काही समजुतींचा हा हिशेब.

गैरसमज : मान्सून मुंबईत दाखल झाला, म्हणजे पेरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. ती अनेक वर्षांची सरासरी आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मान्सून मुंबईत आला तो २५ जूनला. २०२५ मध्ये उलटं घडलं. २६ मे रोजीच आगमन जाहीर झालं. त्याआधीच्या ७५ वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. पण त्यानंतर त्याची उत्तर सीमा मुंबईपाशीच, म्हणजे वसईच्या उंबरठ्यावर, थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकली नाही.

हवामान खातं आगमन जाहीर करतं ते वाऱ्यांची दिशा, हवेतली आर्द्रता, ढग आणि सलग पडणारा पाऊस पाहून. मोठ्या प्रदेशावर ऋतू पालटल्याची ती नोंद असते. पुढचे पंधरा दिवस आपल्या वावरात ओल टिकेल, याची हमी त्यात कुठेच नसते. म्हणून खरिपाच्या पेरणीसाठी कृषी खात्याचा सल्ला तारखेवर बेतलेला नसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरल्यावरच पेरा, असं तो सांगतो. वळवाची एखादी जोरदार सर येते तेव्हा अंगण वाहतं, पण वीतभर खणलं की खाली माती कोरडीच असते.

गैरसमज : यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे, म्हणजे पाऊस चांगला.

वस्तुस्थिती : रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाळी नक्षत्रं म्हणजे त्या काळातलं सूर्याचं आकाशातलं स्थान. सूर्य दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो, मग पाऊस येवो वा न येवो. शिवाय ऋतूंच्या तुलनेत या तारखा दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतात. दीड हजार वर्षांत हा फरक तीन आठवड्यांचा झाला आहे.

वाहन काढण्याची रीत तर निव्वळ गणिताची आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. वारा, समुद्र, ढग यांतलं काहीही या हिशेबात येत नाही. त्यामुळे एकाच दिवशी वसईलाही बेडूक आणि सोलापूरलाही बेडूक. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापुरात वर्षभरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेर. नक्षत्रं कामांचा क्रम लक्षात ठेवायला चांगली आहेत. पावसाचा अंदाज त्यांच्याकडून मागू नये.

गैरसमज : धूळवाफेवर जितकं लवकर पेरावं तितकं बरं.

वस्तुस्थिती : कोरड्या मातीत आधीच बी टाकून ठेवण्यात शहाणपण आहे. पाऊस लागला की रोप लगेच वर येतं आणि आवणीला वेळेवर मिळतं. जमीन पूर्ण कोरडी असेल तर बीही थांबून राहतं. घात होतो तो अर्धवट ओलीने. वळवाच्या सरीने बियाला मोड येतो आणि मग आठ-दहा दिवस ऊन पडतं. एकदा मोड आल्यावर बियाला मागे फिरता येत नाही. कोवळं मूळ सुकतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस झाला, तर धूळवाफेचा धोका त्या वर्षी वाढतो.

गैरसमज : राब भाजल्याशिवाय रोप जोमदार येत नाही.

वस्तुस्थिती : राब भाजण्यामागे तथ्य आहे. पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून जाळल्यावर वरच्या थरातलं तणाचं बी मरतं आणि राखेतून पालाश मिळतो. पण त्याच आगीत नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धूर होऊन जातात, टहाळासाठी झाडं दर वर्षी छाटली जातात, आणि मे महिन्यातच पाऊस आला तर भिजलेला राब पेटतच नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस गादीवाफ्यांची आहे. वाफा जमिनीपासून थोडा उंच केला की जादा पाणी निघून जातं. कुजलेलं शेणखत घालायचं आणि तण वेळीच काढायचं. एका हेक्टरच्या लावणीला साधारण दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, त्यामुळे हे काम आवाक्याबाहेरचं नाही.

गैरसमज : भात पाण्यातलंच पीक, कितीही पाणी साचलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : भाताच्या पानांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात. पानं पाण्याबाहेर असतील तोवर त्यांतून मुळांना प्राणवायू पोहोचतो, म्हणून भात चिखलात तगतो. संपूर्ण रोप बुडालं की हा मार्ग बंद होतो. आठवडाभर पूर्ण पाण्याखाली राहिलेली नेहमीच्या वाणांची रोपं बहुधा वाचत नाहीत. ‘स्वर्णा सब-१’ हा भारतात २००९ मध्ये प्रसारित झालेला वाण सुमारे दोन आठवडे बुडून राहू शकतो. त्याच्यात तसं खास जनुक आणलेलं आहे, म्हणूनच.

बियाची कथा आणखी वेगळी. पाण्याखाली भाताला मोड येतो खरा, पण प्राणवायूच्या अभावी कोंब तेवढा लांबतो आणि मूळ धरत नाही. म्हणून रोपवाटिकेत पाणी तुंबू देऊ नये. लावणीनंतरही रोप रुजेपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं आणि नालासोपाऱ्याजवळ रेल्वे अडकल्या, तेव्हा चर्चा शहराची झाली. पण नाले, खाड्या आणि मिठागरांकडे जाणाऱ्या वाटा बुजल्या की सखल शेतातलं पाणीही तितकंच रेंगाळतं. अशा जागी कोणता वाण लावला यापेक्षा बांधाची उघाडी मोकळी आहे की नाही, याला जास्त महत्त्व येतं.

गैरसमज : रोप पिवळं पडलं, म्हणजे युरिया कमी पडला.

वस्तुस्थिती : कधी कधी हे खरं असतं, मुसळधार पावसाने नत्र वाहून जातं. पण जूनमध्ये पावसाने ताण दिल्यावर पिवळेपणा आला, तर आधी लोहाचा संशय घ्यावा. चिखलात, हवेविना, लोह विरघळलेल्या रूपात असतं आणि मुळांना ते सहज मिळतं. माती सुकली, तिच्यात हवा खेळू लागली, की तेच लोह न विरघळणारं बनतं. जमिनीत ते असतं, पण रोपाला घेता येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. लोह कमी असेल तर नवी, वरची पानं आधी फिकी, क्वचित पांढुरकी दिसतात. दुसऱ्या प्रकारात युरिया टाकणं म्हणजे पैसे वाया. वाफ्याला पाणी देता आलं तर तेच पहिलं औषध. ते जमत नसेल तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट या प्रमाणातली फवारणी कामी येते.

गैरसमज : पाऊस लांबला तरी काय, राबात रोप वाढतंच आहे.

वस्तुस्थिती : रोप उंच होतं, पण त्याचा उमेदीचा काळ राबातच सरतो. लावणीला २१ ते २५ दिवसांचं रोप उत्तम. त्यानंतर प्रत्येक आठवड्यागणिक त्याची फुटवे देण्याची ताकद घटते आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. हळव्या वाणांना याचा फटका जास्त बसतो. साधारण ११५ ते १२० दिवसांत तयार होणाऱ्या भाताचा महिना-सव्वा महिना राबात गेला, तर शेतात त्याला वाढायला वेळच उरत नाही. १३५ दिवसांहून अधिक काळ घेणारे गरवे वाण थोडा उशीर सोसतात. रोप वयस्क झालंच असेल, तर अंतर कमी करावं आणि एका चुडात दोन-तीन रोपं जास्त धरावीत. कमी पडलेले फुटवे अशाने काही अंशी भरून निघतात.

गैरसमज : पहिल्या मोठ्या पावसाने खार धुऊन जातो.

वस्तुस्थिती : उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, त्यामुळे तालुक्यातल्या बऱ्याच सखल जमिनी खाऱ्या आहेत. उन्हाळ्यात वर आलेला क्षार एका पावसात जात नाही. पाणी साचवायचं, मुरू द्यायचं, बाहेर काढायचं, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. भाताचं बी खाऱ्या मातीत बऱ्यापैकी उगवतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. दोन-तीन पानांच्या अवस्थेत तेच रोप खाराला सर्वांत नाजूक असतं. म्हणून खारपट्ट्यात रोप गोड्या जमिनीत वाढवून, चांगलं दणकट झाल्यावर लावतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, २ आणि ३ हे वाण अशाच जमिनींसाठी काढलेले आहेत. उधाणाला बांध फुटला तर मात्र कोणताही वाण पुरा पडत नाही.

गैरसमज : रेड अलर्ट होता आणि आमच्याकडे थेंब नाही, हवामान खातं खोटं बोलतं.

वस्तुस्थिती : इशारा सहसा जिल्ह्यासाठी असतो, आणि पालघर जिल्हा वसईच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरला आहे. अंदाजातले ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द मोजून वापरलेले असतात. त्यांचा अर्थ, जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. म्हणजे चारांतल्या तीन ठिकाणी तसा पाऊस पडला नाही तरी अंदाज बरोबरच ठरतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. खत टाकायचं की फवारायचं हे ठरवताना रंगापेक्षा हवामान खात्याचा मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला पाहावा.

प्रशांत महासागर तापण्याच्या ‘एल निनो’चंही तसंच. १९९७ मध्ये तो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये त्याहून सौम्य असताना दुष्काळ पडला. त्याने तुटीची शक्यता वाढते, एवढंच. पारोळच्या राबात दुसऱ्या आठवड्यात ओल असेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

गैरसमज : राब गेला, म्हणजे हंगाम गेला.

वस्तुस्थिती : रोपवाटिका वाया गेली तरी एक वाट उरते. बी चोवीस तास भिजवायचं, ओल्या गोणपाटात एक-दोन दिवस दडपून मोड आणायचे आणि चिखलणी केलेल्या शेतात थेट फेकायचे. कोकणात याला रहू पद्धत म्हणतात. रोपवाटिकेचे तीन आठवडे वाचतात. तणाचं काम मात्र वाढतं, आणि वाण हळवाच घ्यावा लागतो, कारण मुंबई परिसरातून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरला परततो.

हे करायला घरात बी शिल्लक हवं. सगळं बी एकाच दिवशी राबात टाकणाऱ्याकडे ते नसतं. निम्मं आज, निम्मं आठ-दहा दिवसांनी असं दोन टप्प्यांत पेरणाऱ्याकडे मात्र जूनच्या अखेरीस दोन वयांची रोपं असतात. पाऊस लवकर आला तर थोरलं रोप आवणीला तयार, लांबला तर धाकटं. पावसाची तारीख कुणालाच ठरवता येत नाही. पेरणीच्या दोन तारखा ठरवणं मात्र ज्याच्या त्याच्या हातात आहे.