कोड आणि त्वचेंतील रंगपेशी

घरांत उपवर मुलगी असावी आणि तिच्या मनगटावर एक पांढरा डाग दिसावा, कीं सारें घर हवालदिल होतें. डाग झांकला जातो, मुलीचें आंबट बंद होतें, धाकट्या बहिणीच्या लग्नाचीही काळजी सुरू होते. या भीतीचें अर्धें मूळ नांवांत आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ शब्दापासून निघाला, आणि ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याचाही प्रघात आहेच. वास्तविक हे दोन रोग अगदीं निराळे. कुष्ठरोग जंतूंमुळें होतो, नॉर्वेंतील डॉ. हान्सेन यांनीं ते १८७३ सालीं पाहिले. हे जंतू मज्जातंतूंत शिरतात, म्हणून डाग बधिर होतो. (तोही रोग आज औषधांनीं बरा होतो.) कोडाच्या डागावर कापसाचा हलका स्पर्शही कळतो, आणि कोड कोणाला लागत नाहीं.

मग कोडांत होतें काय? बाह्यत्वचेच्या तळाशीं मेलॅनोसाइट नांवाच्या रंगपेशी असतात. प्रत्येकीला लांब शाखा असून त्यांच्या द्वारें ती भोंवतालच्या तीस-चाळीस पेशींना रंगाचे कण वांटते. त्या पेशी ते कण आपल्या केंद्रावर छत्रीप्रमाणें धरून उन्हापासून बचाव करतात. गोऱ्या व सांवळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते, फरक कणांचा. वधूपरीक्षेंत ज्या गोरेपणाचा एवढा बडेजाव, तो म्हणजे छत्री तोकडी असणें, इतकेंच!

कोडांत शरीराच्या रक्षक पेशी या रंगपेशींवरच उलटतात व त्यांचा नाश करतात. आंबटाचा यांत कांहीं दोष नाहीं. कांहीं रोग्यांना थायरॉइडचा विकारही असतो, म्हणून रक्त तपासून घ्यावें. प्रवृत्ति आनुवंशिक असते खरी. पण बहुतेक रोग्यांच्या मुलांना कोड होत नाहीं.

डाग लपविण्यांत महिने वायां जातात, हें आम्हांस अधिक खटकतें. कारण नव्या डागावर उपचार लवकर लागू पडतात. रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांतून, कारण तेथें राखीव रंगपेशी असतात. अतिनील किरणांचा किंवा मलमांचा गुण येऊं लागला, कीं केसाकेसाभोंवतीं तपकिरी ठिपके उमटतात व पसरत एकमेकांस मिळतात. चेहरा बहुधा लवकर भरतो. ओंठ व बोटांचीं टोंकें, जेथें केसच नाहींत, तीं मात्र फार हट्टी.