व्यायल्यावर लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा



गाय-म्हैस व्यायली की आपण जार पडला का, धार किती निघते हे बघतो. लघवीकडे सहसा कुणी बघत नाही. पण व्यायल्यापासून महिनाभर सकाळी शेण काढताना तिकडेही नजर टाका. लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी काळपट दिसली, तर "उष्णता झाली असेल" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पाजत दोन दिवस घालवू नका. उशीर झाला तर जनावर तीन-चार दिवसांतही दगावतं.

बऱ्याचदा यामागे स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची कमतरता असते. दुधावाटे स्फुरद जातं, वैरणीतून तेवढं मिळत नाही. मग रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. जास्त दुधाच्या, तिसऱ्या वेतापुढच्या जनावरांत हे जास्त. म्हशींत तर गाभणपणाच्या शेवटीही दिसतं.

लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत धरून तासभर न हलवता ठेवा. लाली तळाला बसून वरचं पाणी स्वच्छ झालं, तर मूत्रमार्गातून रक्त येतंय, तो वेगळा आजार. सगळी बाटली एकसारखी लालच राहिली, तर पेशी फुटताहेत. पण गोचीडतापातही लघवी अशीच होते, मात्र त्यात ताप सडकून असतो. स्फुरदाच्या आजारात ताप बहुधा नसतो. दूध एकदम घटतं, शेण घट्ट होतं, पापणी आतून पांढरी पडते. तरी नक्की काय ते डॉक्टरांना रक्त तपासून ठरवू द्या. बाटलीचा फोटो आधी पाठवा, बाटलीही ठेवा.

डॉक्टर सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून देतात, मोठ्या जनावराला साधारण 60 ग्रॅम, 300 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये; पुढचे डोस तब्येत बघून. घरी टोचायचं हे काम नव्हे. नुसती कॅल्शियमची बाटली लावूनही भागत नाही. रक्त फारच कमी झालं असेल तर निरोगी जनावराचं रक्त चढवावं लागतं. या दिवसांत जनावर पळवू नका, लांब चालवू नका.

आता गव्हाणीत बघा. नुसता कडबा आणि उसाचं वाढं यांत स्फुरद कमी. बाजारातून फुकट मिळतो म्हणून कोबी-फ्लॉवरचा पाला पाट्या भरून टाकतात, त्यानेही पेशी फुटतात. दुभत्या जनावराला गव्हाचा भुसा, पेंड आणि रोज 50 ते 60 ग्रॅम खनिज मिश्रण द्या, आटल्यावरही बंद करू नका.