तेल धरणारा डबा गटाच्या गाडीला बसवावा का?

भाजीपाल्यासाठी डिझेल पिकअप घेतलेल्या गटांकडून आम्हाला एक प्रश्न आला आहे. गॅरेजवाले म्हणतात, ‘ऑइल कॅच कॅन’ बसवा, इंजिन वाचेल. पैसे सगळ्यांच्या बचतीतले, हप्ता अजून चालू. तेव्हा आधी हा डबा करतो काय, ते पाहू.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो तिथे कोंडला तर सीलमधून ऑइल गळू लागतं. म्हणून ब्रीदर पाइप असतो. पूर्वी तो उघड्यावर सोडलेला असायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, हा वायू परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत गाड्यांना आली. आपल्या गाड्यांतही आता तेच आहे.

अडचण अशी, की या वायूबरोबर ऑइलचे बारीक कणही जातात. ते टर्बोच्या पाइपात आणि इंटरकूलरमध्ये साचतात. पुढे धुराची काजळी त्यात मिसळते. फोडणीच्या वाफेने स्वयंपाकघरातल्या पंख्यावर चिकट काळा थर बसतो ना, अगदी तसाच थर हवेच्या वाटेत बसतो. वाट अरुंद होते आणि गाडी चढाला दमते.

डबा बसतो ब्रीदरच्या वाटेत. आत जाळी किंवा आडव्या पट्ट्या असतात. वायू त्यांना वळसे घालत जातो, थंडावतो, कण चिकटून तळाला ठिबकतात. उरलेला वायू दुसऱ्या नळीने इंजिनात जातो. ही दुसरी नळी हवीच! ती काढून डबा वरून उघडा ठेवणारे असतात. मग वास केबिनमध्ये आणि धूर हवेत.

साठलेलं ऑइल परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि डिझेल असतं. गटारातही नको, गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. थंडीत ते दुधाळ दिसलं तर बहुतेक वेळा वाफेचं पाणी असतं. मात्र डिपस्टिकवरही तसंच दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल, तर गाडी लगेच दाखवा.

आमचं मत विचाराल तर घाई नको. अनेक गाड्यांत ऑइल वेगळं करणारी सोय कंपनीचीच असते. आधी ब्रीदर पाइप तुंबलाय का, ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलंय का, एअर फिल्टर स्वच्छ आहे का, हे बघून घ्या. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काही जोडू नका. आणि रिंगा झिजल्या असतील तर डबा त्या भरून काढत नाही.

डबा बसवलाच, तर डिझेलच्या वहीत एक रकाना वाढवा: तारीख, किलोमीटर, किती ऑइल निघालं. दोन महिन्यांनी भरणारा डबा पंधरा दिवसांत भरू लागला, तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन तपासायला सांगा.