हरकी, अंतस्थ आणि स्वामित्वधन: न्यायाधीशाला मिळालेल्या भेटीचा अर्थ

न्यायाधीशाने स्वीकारलेल्या अप्रकट भेटीचा प्रश्न सामान्यतः कायद्याच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. परंतु भेट हा अर्थवाही व्यवहार आहे. एकच वस्तू देणाऱ्याच्या लेखी आदर, घेणाऱ्याच्या लेखी स्नेह आणि पाहणाऱ्याच्या लेखी लाच ठरू शकते. हा अर्थ कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावयाचा, हा प्रश्न जसा न्यायव्यवस्थेपुढे तसाच वाङ्मयाच्या अभ्यासकापुढेही असतो. प्रस्तुत लेखात मराठी राज्यव्यवहारातील संज्ञा, मुंबईतील १९९५ चे एक प्रकरण आणि बंगळूरचे नाव धारण करणारी आचारतत्त्वे यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात दावा जिंकणाऱ्याकडून 'हरकी' आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेतली जाई. न्याय देणाऱ्या सत्तेने विजयी पक्षाकडून पैसा घ्यावा, हे आज विचित्र वाटेल. परंतु हरकी ही सरकारची मान्य बाब होती. ती उघडपणे घेतली जाई आणि तिची नोंद होई. याच काळातील 'अंतस्थ' ही संज्ञा मात्र वेगळ्या व्यवहाराची आहे. अधिकाऱ्याच्या पदरात आतल्या आत पडणाऱ्या रकमेला हा शब्द लावला जाई आणि पेशवाईच्या उत्तरकाळात 'दरबारखर्चा'च्या जोडीने तो येतो. या दोन शब्दांतील भेद रकमेचा नाही, तसाच हेतूचाही नाही. तो उघड आणि गुप्त यांतला आहे. भेटीचा दोष तिच्या अप्रकटपणात आहे, ही जाण या शब्दसंपत्तीत आधीपासूनच वसलेली दिसते.

मराठी मनाने न्यायाधीशाचा आदर्श मात्र या शब्दांतून घडविला नाही. तो रामशास्त्री प्रभुण्यांच्या चरित्रातून घडविला. दिवसापुरता शिधा ठेवून अधिक संचय न करणारा, नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश ही प्रतिमा इतिहासग्रंथांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि प्रभातच्या १९४४ च्या चित्रपटातून दृढ झाली. 'रामशास्त्री बाणा' हा भाषेतला रूढ प्रयोगही तिचेच फळ. ही प्रतिमा तेजस्वी आहे, यात शंका नाही. तथापि तिची एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. ती उत्तरदायित्व व्यक्तीच्या शीलावर सोपविते. ज्याच्या घरात उद्याचा शिधाही नाही, त्याला भेटींची वही ठेवावी लागत नाही. परंतु प्रत्येक न्यायासनावर रामशास्त्री बसलेला असेल, हे गृहीत धरून कोणतीही व्यवस्था उभी राहू शकत नाही.

शीलावर विसंबण्यातील धोका फ्रान्सिस बेकन याच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. न्यायदानाच्या मर्यादांवर निबंध लिहिणारा हा लेखक पुढे इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला आणि १६२१ मध्ये पक्षकारांकडून देणग्या घेतल्याच्या आरोपाखाली पदच्युत झाला. त्याने देणग्या घेतल्याचे मान्य केले. मात्र त्यांमुळे आपला निर्णय ढळल्याचे नाकारले. ज्यांनी पैसे दिले त्यांच्यापैकी काहींच्या विरुद्ध त्याने निकाल दिले होते, हे खरेच आहे. परंतु हा बचाव स्वीकारावयाचा तर भेटीचा अर्थ ठरविण्याचा अधिकार एकट्या घेणाऱ्याकडे राहतो. पक्षकाराच्या दृष्टीने गुप्त भेटीचा प्रत्यक्ष परिणाम झाला की नाही हा दुय्यम प्रश्न आहे; आपल्या विश्वासाचा आधारच आपल्यापासून लपविला गेला, ही त्याची मुख्य हानी होय.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या प्रकरणात तर भेटीला वाङ्मयीन नाव होते. त्यांच्या मुस्लिम कायदा व संविधान या विषयावरील ग्रंथाच्या परदेशातील हक्कांपोटी लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेने ८०,००० डॉलर दिल्याची चर्चा १९९४ च्या अखेरीस सुरू झाली. वकिलांच्या संघटनांनी राजीनाम्याची मागणी केली आणि न्यायमूर्तींनी पद सोडले. आरोप खरे की खोटे, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला नाही. म्हणून त्यांना सिद्ध मानणे अनुचित ठरेल. परंतु तुलनाकाराला येथे एक लक्षणीय प्रश्न दिसतो. स्वामित्वधन हे लेखकाचे न्याय्य अर्जन असते आणि त्याचे प्रमाण ग्रंथाच्या खपाशी निगडित असते. खप आणि रक्कम यांचा मेळ बसत नाही असे वाटले की वाचक उरलेल्या रकमेसाठी दुसरे कारण शोधू लागतो. करार वेळीच योग्य ठिकाणी प्रकट झाला असता, तर संशयाचे निरसन किंवा समर्थन कागदावरच होऊ शकले असते.

सप्टेंबर १९९५ मध्ये सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांच्या दबावाचा मार्ग अमान्य केला. न्यायाधीशाचे स्वातंत्र्य त्यामुळे धोक्यात येते, ही न्यायालयाची भूमिका रास्त होती. परंतु महाभियोगास पात्र गैरवर्तन आणि पदाला न शोभणारे वर्तन यांच्या मधल्या पोकळीची दखलही त्याच निर्णयाने घेतली. पुढे ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांचे निवेदन स्वीकारले. कुटुंबीय, निकटचे नातलग आणि मित्र यांखेरीज कोणाकडूनही भेट वा पाहुणचार स्वीकारू नये, असे त्यात म्हटले आहे. येथील 'मित्र' हा शब्द व्याख्येविना राहिला. अशा शब्दाची लवचीकता अमेरिकेत दिसून आली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी एका धनाढ्याकडून घेतलेल्या प्रवासांचा तपशील बाहेर आला, तेव्हा निकटच्या मित्रांचा पाहुणचार जाहीर करावा लागत नाही असा सल्ला आपणास मिळाला होता, असे त्यांनी सांगितले.

बंगळूर येथे फेब्रुवारी २००१ मध्ये मसुदा झालेली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये हेग येथे सुधारलेली 'बंगळूर तत्त्वे' या संदर्भात अधिक सूक्ष्म आहेत. प्रसंगोचित छोटी भेट ती वर्ज्य मानीत नाहीत. मात्र न्यायाधीशावर प्रभाव टाकण्याचा हेतू तिच्यामागे आहे, असे वाजवीपणे कोणाला वाटता कामा नये, ही कसोटी लावतात. म्हणजे अर्थनिर्णयाचे केंद्र घेणाऱ्याच्या अंतःकरणातून काढून विवेकी वाचकाकडे नेले जाते. परंतु ज्या वाचकाला संहिताच उपलब्ध नाही, तो वाचणार काय?

ही अनुपलब्धता व्यवस्थेच्या उतरंडीत अधिकच खटकते. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा साधा दिवाणी वाद प्रथम कनिष्ठ न्यायालयात जातो. तेथील न्यायाधीश सेवेच्या वर्तणूक नियमांनी बांधलेला असून उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतो. तोच वाद अपिलात वर गेला की बंधनाची जागा निवेदन आणि संकल्प घेतात. न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक लोकसभेने २०१२ मध्ये संमत केले, पण २०१४ मध्ये सभागृहाच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आपल्या न्यायाधीशांच्या मालमत्तेची विवरणे प्रकाशित केली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मालमत्तेचे विवरण म्हणजे भेटींची नोंद नव्हे. पाहुणचार, प्रवास आणि सवलत उपभोगून संपतात. ती मालमत्तेत उरत नाहीत.

प्रकटनामुळे खोडसाळ टीकेला निमित्त मिळेल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु १९९५ च्या अनुभवावरून दिसते की, खोडसाळपणाला खरे खाद्य कुजबुजीतून मिळते. कोणी, काय, कोणत्या प्रसंगी दिले, एवढी नोंद उपलब्ध असेल तर निर्दोष न्यायाधीशाला आपल्या शीलाची ग्वाही द्यावी लागणार नाही आणि पक्षकारालाही ती निमूटपणे मानावी लागणार नाही. रामशास्त्री बाण्याचा आदर राखूनही न्यायालयांना गरज आहे ती हरकीसारख्या उघड नोंदीची. जे नोंदविण्यास संकोच वाटतो, ते कोणत्याही नावाने आले तरी त्याला मराठीत जुना शब्द आहेच: अंतस्थ.