वरचा सूर म्हणजे मोठा सूर नव्हे

(गाणं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या वेळी आपण श्वासाबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचा मुद्दा घेऊ, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे १४ वर्षांची एक मुलगी शिकत होती. काळी चारमध्ये छान गायची. स्पर्धा जवळ आली तसं मी म्हटलं, काळी पाचमध्ये गा, परीक्षकांवर छाप पडेल. तार षड्जाला आवाज अडखळला की मी सांगायचो, "जोर लाव, सोड आवाज!" स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी तपासलं, तर स्वरतंतूंवर बारीक गाठी. ऑपरेशन लागलं नाही, पण काही महिने गाणं बंद आणि स्पीच थेरपी. ती रडली नाही, नुसती गप्प झाली. ते मला जास्त लागलं.

माझं काय चुकलं? वरचा सूर आणि मोठा सूर या दोन गोष्टी मी एकच धरल्या.

आता बघा, आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. लांबी साधारण एक ते दोन सेंटिमीटर, बस्स. गाताना ते एकमेकांवर आपटतात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४६६ आघात! सूर वर न्यायचा तर तंतू ताणले जाऊन पातळ व्हावे लागतात. आवाज मोठा करायचा तर खालून हवेचा दाब वाढतो आणि आघात जोरात होतात. ही दोन वेगळी कामं आहेत. सूर पोचत नाही म्हणून आपण जोर लावतो, तेव्हा ताणण्याचं काम राहूनच जातं आणि नुसती आदळआपट वाढते. गाठी येतात त्या अशा, एका दिवसात नाही, रोज थोडं थोडं करून.

म्हणून एक साधी चाचणी सांगतो. घरी करून बघा. तुमचा तार षड्ज 'ऊ'कारात, निम्म्या आवाजात, चार-पाच सेकंद धरा. मान ताठली नाही, हनुवटी वर गेली नाही, तर सूर तुमचा. मोठ्यानेच लागत असेल, तर तो अजून तुमचा नाही. पट्टी एक-दोन स्वरांनी खाली घ्या. त्यात कमीपणा कसला?

मग वर जायचं कसं? स्ट्रॉ घ्या, ग्लासातल्या पाण्यात बोटभर बुडवा आणि बुडबुडे काढत 'ऊ' म्हणत खालून वर, वरून खाली मींडेसारखं सरका. तोंडापाशी थोडा अडथळा असला की तंतूंवरचा मार कमी होतो. रोज पाच मिनिटं, दोनदा. खर्ज जरूर भरा, पण तिथंही घसा दाबून गुरगुरू नका. आणि हो, प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. त्यामुळे गाण्याच्या आधी दोन घोट घेऊन भागत नाही, दिवसभर पाणी प्यावं लागतं.

कुणी म्हणेल, जुने लोक कुठे एवढा विचार करत होते? अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी दरबारात अति गावं लागल्यामुळे गेला. पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, हे खरंच. पण खाँसाहेबांपाशी अफाट विद्या होती. १४ वर्षांच्या मुलांकडे काय असतं? आवाजच असतो. तो गुरूच्या हौसेपायी जाता कामा नये.

पालकांना एवढंच सांगतो. सर्दी-खोकला नसताना आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला, तर आलं-मध पुरे झालं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि मुलांनो, गाताना दुखलं तर थांबा. गुरुजी समोर असले तरी थांबा आणि सांगा.

त्या मुलीनं पुन्हा गायला सुरुवात केली ती काळी तीनमध्ये. पहिल्या दिवशी तानपुरा मी लावला आणि पट्टी तिला विचारली. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.